उजव्या दारातला स्पीकर

१

गुरुवारी सकाळी इल्वाने गाडीच्या दोन्ही दारांची आतली अस्तरं उचकटून काढली, तेव्हा तिच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. शाळेला सुट्टी लागून तीनच दिवस झाले होते. शनिवारी दुपारी गावच्या चौकात पंचक्रोशीतल्या सगळ्या ए-ट्रॅक्टरांची फेरी निघायची होती, आणि या वर्षी पहिल्यांदाच त्या फेरीत तिची स्वतःची गाडी असणार होती.

ए-ट्रॅक्टर म्हणजे शेतात चालणारा ट्रॅक्टर नव्हे. असते ती नेहमीचीच जुनी गाडी, पण मागची सीट काढून टाकलेली, तिथे फळ्यांचा हौदा, पाठीवर हळू चालणाऱ्या वाहनाचा लाल त्रिकोण आणि वेग ताशी तीस किलोमीटरवर बांधून टाकलेला. एवढं केलं की पंधरा वर्षांच्या पोरापोरींना ती चालवायची परवानगी मिळते. वेगात मिरवता येत नाही म्हणून पोरं आवाजात मिरवतात. चौकातून जाताना बेकरीची काच थरथरली नाही, तर त्या गाडीला कोणी खिजगणतीतही धरत नाही.

इल्वाच्या गाडीला अजून कोणी गणतीत धरलेलं नव्हतं. जुन्या स्पीकरांचे कागदी पडदे फाटले होते आणि त्यांतून नुसती भुणभुण यायची. तुझ्या दारात माशी अडकलीय, आधी तिला सोडव, असं वर्गातल्या हाम्पुसने सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. तेव्हा इल्वा हसली होती, पण तिला ते लागलं होतं. सोळाव्या वर्षी अशा गोष्टी लागतातच.

पण खरं कारण टिल्डा होती. बालवाडीपासूनची मैत्रीण, शेजारची, उठता-बसता बरोबर असणारी. येत्या रविवारी ती आईबरोबर कायमची दूर माल्मो शहरात राहायला जाणार होती. मोठ्या गाडीने दहा तासांचं अंतर. ए-ट्रॅक्टरने जायचं तर सव्वा दिवस लागेल, हे इल्वाने खरोखर कागदावर मांडून पाहिलं होतं. तेव्हा शनिवारची फेरी ही दोघींची शेवटची, आणि ती अशी दणकेबाज व्हायला हवी होती की टिल्डाला तिकडे गेल्यावर रडूच यावं. टिल्डाने जाऊ नये असंच इल्वाला वाटत होतं, पण ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता.

दुपारपर्यंत दोन्ही नवे स्पीकर दारांत घट्ट बसले. इल्वाने फोनवरचं आवडतं गाणं लावलं, आवाज वाढवला आणि डोळे मिटले. गाणं वाजलं, पण त्याच्या पोटात काही नव्हतं. नव्याकोऱ्या स्पीकरांतून बेस येतच नव्हता.

२

दुसरं कोणी असतं तर दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत बसलं असतं. इल्वाला मात्र बिघाड शोधण्यातच जास्त मजा यायची. तिने आवाज डावी-उजवीकडे सरकवायचं बटण पार डावीकडे फिरवलं. बेस दणकून आला. पार उजवीकडे फिरवलं, तोही ठणठणीत. बटण मधोमध आणलं की बेस गायब. एकेकटे दोघं उत्तम आणि एकत्र आले की मेले, याचा अर्थ एकच. दोघांपैकी एक उलटा जोडला गेला होता. एकाचा पडदा बाहेर यायचा तेव्हा दुसऱ्याचा आत जायचा, आणि हवेतल्या हवेत दोघं एकमेकांना खाऊन टाकायचे.

दोष तिचाच होता. उजव्या दारात आधीच्या मालकाने कधीतरी वायरी कापून आपल्या मर्जीने जोडल्या होत्या, आणि इल्वाने रंगांवर विश्वास ठेवला होता. तिला हसूच आलं. आता प्लसची मायनस केली की झालं.

पण बटण मधोमध असताना एक गंमत तिच्या लक्षात आली. नुसता बेसच गेला नव्हता, गाणारी बाईसुद्धा गेली होती. गिटारीची कडेकडेची कुरकुर, टाळ्यांचा पोकळ प्रतिध्वनी एवढंच काय ते उरलं होतं. आणि त्या उरलेल्यात कोणीतरी गुणगुणत होतं.

तिने कान दिला. बारीक, निवांत गुणगुण होती, भांडी विसळताना कोणी गुणगुणावं तशी. बटण डावीकडे नेलं तर ती नाही. उजवीकडे नेलं तरी नाही. मधोमध, जिथे दोन्ही स्पीकर एकमेकांना मारत होते, तिथेच ती होती. गाण्यात मागे कोरस असेल, असं म्हणून इल्वाने दुसरं गाणं लावलं, मग तिसरं. गाणी बदलली, पण गुणगुणण्याची चाल तीच राहिली.

मग तिने गाणं मधेच थांबवलं. गुणगुण थांबली नाही. तिने आपली ओळ सावकाश पुरी केली, आणि मगच ती गप्प झाली.

इल्वाच्या हातांवर काटा आला. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला हुरूप जास्त आला होता. अशी गोष्ट हाम्पुसच्या गाडीत नव्हती, हे नक्की.

३

इल्वाचे आजोबा, सिक्स्टेन, अंगणात कॉफी पीत बसले होते. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून आता त्यांच्याच दोन्ही कानांत यंत्रं होती, आणि त्यावर स्वतःच विनोद करायची त्यांना सवय होती. नात धावत आलेली पाहून त्यांनी कप न ठेवताच तिचं सगळं ऐकून घेतलं.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. उलट्या जोडणीत दोन्हीकडे जे सारखं असतं ते मरतं, वेगळं असेल तेवढं उरतं. गाणारी बाई दोन्हीकडे सारखी असते, म्हणून ती जाते. यात भुताटकी काही नाही.

"आणि गाणं बंद केल्यावर काय उरतं?" इल्वाने विचारलं.

"माझी कॉफी उरते," आजोबा म्हणाले. पण ते उठले.

गाडी उभी होती त्या कोठारात येऊन त्यांनी उजव्या स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि त्यांना आपला जुना काट्याचा मीटर लावला. स्पीकर नुसता बोलत नाही, तो ऐकतोही, हे त्यांना नातीला दाखवायचं होतं. पडदा हलला की वायरीत वीज येते, मग तो विजेने हलो की कोणाच्या बोलण्याने. "बोल काहीतरी," ते म्हणाले. इल्वा दाराशी तोंड नेऊन बोलली आणि काटा टुणकन उडाला. दोघंही खूश झाले.

मग दोघं गप्प झाले आणि काटा शून्यावर आला. आणि थोड्या वेळाने तो आपणहून हलायला लागला.

थोडा हलायचा, थांबायचा, परत हलायचा. कोणी बोलताना मधे श्वास घ्यावा तेवढाच तो थांबत होता. कोठारात आवाज कसलाच नव्हता. इल्वाने आजोबांकडे पाहिलं. आजोबा मीटरकडे पाहत नव्हते. मागची सीट होती त्या जागी आता फळ्या होत्या, आणि ते फळ्यांकडे पाहत होते.

"वारा," ते शेवटी म्हणाले. बाहेर बर्चच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. "टॉर्चचा सेल वायरींना टेकव, ज्या वायरीला सेलचं प्लस लागल्यावर पडदा बाहेर उडेल ती प्लस. सरळ जोडून टाक. दोन मिनिटांचं काम आहे. आजच कर."

घराकडे जाताना वळून त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, की आजच कर. इल्वाने हो म्हटलं आणि ते गेल्यावर वायरी होत्या तशाच उलट्या जोडल्या. टिल्डाला ऐकवल्याशिवाय असली गंमत बंद करणं तिच्या जिवावर आलं होतं.

४

शुक्रवारी टिल्डा आली ती नाचतच. तिची अर्धी खोली खोक्यांत गेली होती आणि घरात बसायला तिला खुर्चीही उरली नव्हती. ती ड्रायव्हरशेजारच्या उजव्या सीटवर चढून बसली, पाय वर घेतले आणि म्हणाली की लाव तुझं भूत.

इल्वाने गाणं लावलं. गाणारी बाई विरली, आणि मागून ती गुणगुण आली. काल दूर होती, आज ती फळ्यांच्या अलीकडे होती. टिल्डाने मान तिरकी करून ऐकलं. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"अगं ए, ही तर मीच आहे."

इल्वाला हे कालच कळायला हवं होतं. विचारात असली की टिल्डा अशीच गुणगुणायची, तिची ती स्वतःची चाल होती आणि तिला नाव नव्हतं. इतकी वर्षं ऐकूनही दारातून आल्यावर ती ओळखता आली नव्हती.

"मी इतकी बेसूर आहे?" टिल्डाने विचारलं.

"याहून आहेस. स्पीकर नवे आहेत म्हणून बरं वाटतंय."

दोघी हसत सुटल्या. मग तर्क सुरू झाले. फोनमध्ये जुना एखादा व्हिडिओ चालू राहिला असेल. पण फोन काढून ठेवला तरी आवाज आला. काल टिल्डाचा फोन गाडीत राहिला होता का, तर तेही नाही. आपल्यालाच फेरीची नशा चढलीय, असं टिल्डा म्हणाली आणि दालचिनीचे पाव आणायला घरात पळाली.

इल्वा एकटी राहिली. गाणं बंद होतं. कोठारासमोरच घराच्या स्वयंपाकघराची खिडकी होती, आणि त्यात टिल्डा पावांची थाळी धरून आजोबांना हातवारे करत काहीतरी सांगताना दिसत होती.

"मी कुठे जात नाहीये," दार म्हणालं.

आवाज टिल्डाचाच होता, जवळून आलेला, झोपताना कानाशी बोलल्यासारखा. इल्वाच्या पोटात एकदम ऊब पसरली आणि डोळे भरून आले. टिल्डा जाणार हे कळल्यापासून पंधरा दिवस जे तिला ऐकायचं होतं तेच तिने ऐकलं होतं.

"परत म्हण," ती हळूच म्हणाली.

"मी कुठे जात नाहीये. मी इथेच आहे."

तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. टिल्डा बोलता बोलता थांबली होती. तिचं तोंड उघडं होतं आणि एक हात गळ्याशी गेला होता. आजोबा कानातलं यंत्र काढून त्याचा सेल तपासत होते.

टिल्डा परत आली तेव्हा तिचा आवाज पातळ झाला होता. काय गं, असं इल्वाने विचारलं, तर खोक्यांच्या धुळीने घसा बसला असेल असं ती म्हणाली. इल्वाला ते पटलं. पटवून घेतलं नसतं, तर दाराने काय सांगितलं तेही टिल्डाला सांगावं लागलं असतं.

५

शनिवारी सकाळी इल्वाने वायर सरळ केली. बेसशिवाय फेरीत जाणं म्हणजे हसं करून घेणं होतं. शिवाय रात्रभर तिला ती खिडकी दिसत राहिली होती, आणि सरळ जोडणीत हा प्रकार आपोआप संपेल अशी तिने मनाची समजूत घातली होती. टॉर्चचा सेल वायरींना टेकवला, पडदा ठप्पकन बाहेर आला, खूण केली, जोडलं. आजोबा म्हणाले तसं दोनच मिनिटांत झालं.

बेस आला तो असा, की कोठाराच्या भिंतीला टांगलेल्या करवती वाजायला लागल्या. इल्वाने हात वर करून एकटीनेच नाच केला. गुणगुण पार गेली होती.

चौकातली फेरी तिला आयुष्यभर पुरेल अशी झाली. साठ-सत्तर गाड्या, प्रत्येकीच्या काचा खाली, उन्हात लोक आइस्क्रीम खात कडेला उभे, आणि या सगळ्यात इल्वाची गाडी आली की बेकरीची काच नुसती थरथरत नव्हती, गात होती. हाम्पुसने गाडी बाजूला घेऊन तिला वाट दिली. टिल्डा खिडकीतून अर्धी बाहेर निघून गाण्याबरोबर ओरडत होती. तिचा आवाज किती भरदार लागला होता. कालचा पातळपणा कुठल्या कुठे गेला होता. तो आवाज इल्वाला बरगड्यांत जाणवत होता, पोटरीला जाणवत होता.

पोटरी आपल्या बाजूच्या दाराला टेकलेली आहे, हे तिच्या लक्षात आलं ते सॉसेजच्या टपरीपाशी. तिथे तिने गाणं बंद केलं होतं. टिल्डा मोहरी जास्त घाल म्हणून टपरीवाल्याला सांगत होती, आणि तिच्या प्रत्येक शब्दाला दार थरथरत होतं.

उलटे असताना दोन आवाज एकमेकांना मारतात. सरळ जोडले की ते एकत्र होतात. हे इल्वाला ठाऊक होतं, आणि त्यापुढचा विचार तिला करायचा नव्हता. बंद स्पीकरच्या पडद्यालाही बोलण्याने हादरा बसतोच, आजोबांनीच दाखवलं होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

टिल्डाने सॉसेज घेतलं, पण खाल्लं नाही. मग ती म्हणाली, "इल्वा, माझ्या गळ्यात काहीतरी विचित्र होतंय. मी बोलायच्या आधीच कोणीतरी बोलून टाकतं. मी नुसतं तोंड हलवतेय."

तिचे डोळे घाबरलेले होते. इल्वाने टिल्डाच्या बाजूच्या उजव्या दाराकडे पाहिलं. अस्तराचे स्क्रू अजून लावलेले नव्हते. हात घालून एक हिसका दिला असता तर वायर निघाली असती. तिने हात पुढे केलाही. आणि तेव्हा तिला उद्याचा दिवस आठवला, रिकामी उजवी सीट आठवली, आणि ती ऊब आठवली.

"ओरडून ओरडून घसा बसलाय तुझा," ती म्हणाली. "उद्या ठीक होईल."

ती थाप आहे हे तिला तोंडातून निघतानाच कळलं होतं. टिल्डाने मान हलवली आणि विश्वास ठेवला.

६

रविवारी अकरा वाजता टिल्डाच्या आईची गाडी भरून तयार होती. टिल्डा फाटकातून धावत आली आणि तिने इल्वाला घट्ट मिठी मारली. मग मागे सरून ती बोलायला लागली, भराभर, हातवारे करत, रडत. तिचे ओठ हलत होते आणि त्यातून काहीही येत नव्हतं. श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

तिची आई, मालिन, हसून म्हणाली की कालपासून हे असंच आहे, तुमच्या त्या फेरीने पोरीचा आवाज घेतला बघ. मध घालून गरम पाणी देतेय, दोन दिवसांत येईल. इल्वा हो हो म्हणाली. टिल्डा तिच्या तोंडाकडे बघत होती, काहीतरी विचारल्यासारखी. मग हॉर्न वाजला आणि गाडी वळणाआड गेली.

इल्वा धावतच कोठारात गेली. हातात वायर कापायची पकड होती. उजवं दार उघडून ती गुडघ्यांवर बसली, अस्तर ओढलं आणि वायरी बोटांत धरल्या.

"आता कशाला?" दारातून टिल्डा म्हणाली. "मी राहिले ना. तुलाच पाहिजे होतं."

स्टिरिओ बंद होता. किल्ली घरात खुंटीला होती. जाळीमागे काळा पडदा सावकाश बाहेर येत होता आणि आत जात होता, आणि इल्वाच्या गालाला त्यातून ऊन हवा लागत होती. जाळीच्या आत, पडद्याच्या मागे जिथे दाराचा नुसता पत्रा असायला हवा, तिथे काहीतरी ओलं क्षणभर चमकलं आणि मिटलं. ती पाहत राहिली. पुन्हा ते उघडलं नाही.

तिने पकड लावली, पण दाबली नाही. वायर कापली तर तो आवाज टिल्डाकडे परत जाईल, की कुठेच उरणार नाही, हे तिला माहीत नव्हतं. आजोबांनाही माहीत नसणार. आणि शरमेची गोष्ट अशी, की त्या घाबरलेल्या मनाच्या एका कोपऱ्यात ती सुखी होती.

खिशातला फोन वाजला. टिल्डाचा होता. तिने उचलला. पलीकडे रस्त्याची घरघर होती, आईचा रेडिओ होता, आणि कोणीतरी फोन तोंडाशी अगदी जवळ धरून गप्प होतं. बोलता येत नसताना टिल्डाने फोन केला होता, म्हणजे तिला काहीतरी कळलं होतं. इल्वाला हुंदका आला. तिने फोन झटकन दाराच्या जाळीला टेकवला.

"बोल," ती दाराला म्हणाली. "तिला दे. तिचं आहे ते."

पडदा थांबला. कोठारात एवढी शांतता पसरली की फोनमधल्या गाडीच्या चाकांखालची खडी तिला ऐकू येत होती. इल्वा बोल बोल म्हणत राहिली, आधी रागाने, मग गयावया करत. पलीकडे टिल्डा ऐकत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग फोन पलीकडून ठेवला गेला.

पडदा हळूच बाहेर आला.

"गेली एकदाची," टिल्डाच्या आवाजात दार म्हणालं, आणि ते हसलं. "चल, बस गाडीत. आता तुझा आवाज ऐकू दे."